थंडीत डास कमी व्हायला हवेत ना? मग आमच्याकडे वाढले कसे?

तिसरा मजला (मुंढवा, पुणे)

नमस्कार मंडळी,

पावसाळ्यात डेंग्यूच्या धाकाने आम्ही सगळं काही केलं. कुंड्यांखालच्या ताटल्या काढल्या, तुळशीपाशी भरलेला तांब्या असायचा तोही बंद केला, फ्रिजमागचा ट्रे दर रविवारी ओतून टाकते. दिवाळीनंतर जरा हायसं वाटलं. आणि आता ऐन पौषात, सकाळी दूध आणायला कानटोपी घालून जावं लागतंय अशा दिवसांत, घरात डासांचा नुसता सुळसुळाट!

यांची वेळ ठरलेली आहे. साडेसहा ते साडेसात. त्या वेळात बाल्कनीचं दार कपडे काढण्यापुरतं उघडलं तरी पुरतं. आत आले की बाथरूमच्या टाइल्सवर, पडद्यांच्या चुण्यांमध्ये आणि दारामागच्या कपड्यांवर ठाण मांडतात. नवऱ्याचा गडद निळा शर्ट तिथे टांगलेला असतो, तो सकाळी झटकला की भुर्रकन उडतात. चावतात रात्रीच, घोट्यांना, आणि कानाशी ती भुणभुण. मारून नीट बघितले: मळकट तपकिरी रंग, पायांवर पांढरे पट्टे नाहीत.

घरात सात महिन्यांचं बाळ आहे. पंखा लावला तर सासूबाई म्हणतात बाळ गारठेल. बंद ठेवला तर सकाळी बाळाच्या गालावर गांधी. सासूबाई कॉइल लावतात, मी विझवते, त्या पुन्हा लावतात. नवरा रॅकेट घेऊन घरभर फिरतो, चटचट आवाज आला की त्याचं समाधान होतं. माझं होत नाही.

इमारत जुनी, चार मजली, लिफ्ट नाही. नदी पाच-सहाशे मीटरवर असेल. चेअरमनकाकांचं एकच पालुपद: "नदीत जलपर्णी आहे, आपण काय करणार?" धुराची गाडी येऊन गेली त्या संध्याकाळी आम्ही सगळं बंद करून बसलो होतो, तरी घरातले डास तेवढेच.

थंडीत हे वाढतात तरी का? आणि खरंच नदीचेच असतील तर खिडक्यांना जाळ्या मारून गप्प बसायचं का? बाळाच्या खोलीत काय लावलं तर चालेल, तेही सांगा.

खराडीकर

आमच्या गोटात स्वागत! २०२४च्या फेब्रुवारीतला तो व्हिडिओ आठवतोय का, केशवनगर-खराडीकडचा? नदीवर डासांचे वावटळीसारखे खांबच्या खांब उभे राहिले होते. आमच्या गॅलरीतून दर वर्षी कमी-जास्त असंच दिसतं. चेअरमन काही चुकीचं बोलत नाहीत. जाळ्या मारा, दुसरा उपाय नाही. आम्ही तर संध्याकाळी गॅलरी वापरणंच सोडून दिलंय.

माईंची लेक (नाशिक)

तिसरा मजला, अगं तिन्हीसांजेला दारं-खिडक्या लावून घ्यायच्या ही जुनी पद्धत उगाच नव्हती. सहाच्या आत बंद, आठनंतर हवं तर उघड. आमच्याकडे अर्ध्या लिंबात लवंगा खोचून उशाशी ठेवतात. कडुलिंबाचा वाळलेला पाला आणि गोवरीचा तुकडा अंगणात धुमसत ठेवला की बराच फरक पडतो (फ्लॅटमध्ये नको, शेजारी भांडायला येतील). आणि कापूर! खोबरेल तेलात कापूर विरघळवून बाळाच्या हातापायांना हलकेच चोळ. केमिकल नाही, काही नाही.

नानाजी (मूळचे वर्ध्याचे, आता कोथरूडला मुलाकडे)

ताई, वेळ, रंग, बसायची जागा सगळं तुम्ही इतकं नीट लिहिलं की अर्धं काम झालं. मी नोकरीभर कीटक समाहारक होतो, हत्तीरोगाच्या पथकात. हे पद ऐकून लोक हसतात. काम असं की उजाडायच्या सुमारास लोकांच्या घरात बॅटरी अन् काचेची नळी घेऊन शिरायचं, आणि भिंतीवर, पलंगाखाली, टांगलेल्या कपड्यांवर बसलेले मच्छर नळीने तोंडाने ओढून पकडायचे. नळीत मधे बारीक जाळी असते, पोटात जात नाहीत. हा प्रश्न प्रत्येक घरातलं पोरगं विचारायचं म्हणून आधीच सांगून टाकतो. एका माणसाला एका तासात किती सापडले, त्यावरून त्या गावात मच्छर किती ते ठरायचं. काळा कोट, गडद शर्ट, देवळीतला कोपरा, ही आमची हमखास जागा. तुमच्या यजमानांचा निळा शर्ट आम्हाला फार आवडला असता.

तर तुमच्याकडे आहे तो क्युलेक्स. डेंग्यूवाला एडिस वेगळा: तो काळा, पायांवर पांढरे पट्टे, दिवसा चावतो अन् त्याला स्वच्छ साचलेलं पाणी लागतं. ताटल्या, तांब्या, फ्रिजचा ट्रे हे तुम्ही केलं ते त्याच्यासाठी, आणि ते चालूच ठेवा. एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडी महिनोन्‌महिने टिकतात, पुढच्या पावसात पाणी लागलं की फुटतात. पण क्युलेक्सला तुमच्या कुंडीत काडीचाही रस नाही. त्याला घाण पाणी पाहिजे. संडासाचं, मोरीचं, तुंबलेल्या गटाराचं. पाणी जितकं सडकं तितकं त्याच्या अळ्यांना खायला जास्त.

मादी अंडी घालते ती एकेक नाही, शे-दीडशे किंवा जास्तही, उभी उभी एकमेकांना चिकटवून, पाण्यावर तरंगणारा एक तराफाच. लांबीला काही मिलिमीटर. डोळ्यांना काजळीचा कण पडल्यासारखा दिसतो, म्हणून कोणी लक्ष देत नाही. त्यातून अळ्या निघतात. त्या पाण्याच्या पृष्ठभागाला शेपटीकडची श्वासनळी टेकवून डोकं खाली करून तिरप्या लटकतात. मलेरियाच्या ॲनोफिलीसच्या अळ्या पृष्ठभागाला समांतर, आडव्या असतात. चेंबरचं झाकण उघडलं अन् तिरप्या लटकलेल्या दिसल्या की भिंगसुद्धा लागत नाही ओळखायला.

आता थंडीत का. पावसाळ्यात गटारं, नाले, नदी सगळं वाहतं, अळ्या वाहून जातात. पाऊस थांबला की तेच पाणी संथ होतं, घट्ट होतं, सांडपाणी तेवढंच येत राहतं. नदीत जलपर्णी पसरली की उरलेला प्रवाहही अडतो, तिच्या मुळांत अळ्यांना आसरा मिळतो. गारठ्याने अंड्यापासून मच्छर व्हायला जास्त दिवस लागतात हे खरं. उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत होतो, थंडीत पंधरवडा किंवा वरही. पण पुण्याची थंडी म्हणजे पहाटेची. दुपारी ऊनच असतं. सेप्टिक टँकच्या आतल्या पाण्याला तर बाहेर काय तापमान आहे त्याचा पत्ताही नसतो. वर आणखी एक: गार हवेत मोठा झालेला मच्छर जास्त दिवस जगतो. म्हणून जन्म सावकाश झाले तरी गर्दी साचत जाते. आणि खरा जोर अजून यायचा आहे. माघ-फाल्गुनात, थंडी ओसरू लागली की पाहा.

दुसरं कारण घरातलंच आहे. पंखा. वर्षाचे आठ-नऊ महिने आपल्या डोक्यावर पंखा फिरत असतो. मच्छर उडतो फार हळू, ताशी दोन-अडीच किलोमीटरच्या आसपास. पंख्याच्या वाऱ्यात त्याला नीट उतरता येत नाही, आणि आपल्या श्वासाचा अन् घामाचा माग काढत तो येतो, तो मागही वाऱ्याने विस्कटतो. थंडी आली, पंखा बंद झाला, की त्याला रान मोकळं. पुष्कळ घरांत मच्छर तेवढेच असतात, चावे मात्र दुप्पट वाटतात, ते ह्याच्यामुळे. बाहेर पहाटे गारठा म्हणून बसायलाही तो घरातच येतो.

आता नदी. सगळे नदीला दोष देऊन राहिले, तिचा वाटा आहेच. क्युलेक्स किलोमीटर-दोन किलोमीटर आरामात येतो. पण खराडीकर, ते खांबासारखे थवे दिसतात ना, त्यात बहुतांश नर असतात, किंवा मिज नावाच्या माश्या, दिसायला अगदी मच्छर. दोन्ही चावत नाहीत. चावते मादी, आणि ती अंडी घालायची तर जवळात जवळची घाण जागा शोधते. तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाला जवळात जवळची जागा कोणती? डोक्यावर. गच्चीवर.

संडासाच्या टाकीतून वायू जायला एक पाईप गच्चीपर्यंत नेलेला असतो, व्हेंट पाईप. त्याचं वरचं तोंड उघडं असलं की मच्छर त्यातून आत-बाहेर करतात. तुमची इमारत ड्रेनेज लाइनला जोडलेली असली तरी हा पाईप असतोच, फक्त टाकीऐवजी चेंबर. मी अशी गावं पाहिली जिथे नाल्यात औषध ओतून ओतून माणसं थकली होती, आणि मच्छर येत होते प्रत्येकाच्या स्वतःच्या संडासाच्या पाईपातून.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, पाहून घ्या. संध्याकाळी पाचच्या सुमारास गच्चीवर जा. जुन्या पांढऱ्या ओढणीचा किंवा मलमलचा विरळ तुकडा पाईपच्या तोंडावर सैलसर फुगा राहील असा टाका, दोरीने घट्ट बांधा. सकाळी उन्हं वर यायच्या आत जाऊन पाहा. आतल्या बाजूने मच्छर चिकटलेले दिसले तर ते नदीचे नाहीत, तुमचेच आहेत. काही नाही दिसलं तर चेअरमन जिंकले.

बाकी पाहायच्या जागा: चेंबरची झाकणं तुटलेली आहेत का, तळमजल्यावर इमारतीच्या मागे सांडपाणी मुरून डबकं झालंय का, आणि कोणाचा फ्लॅट बंद आहे का. बंद फ्लॅटमध्ये मोरीच्या जाळीखालच्या ट्रॅपमधलं पाणी आटतं, मग गटारातला वास अन् मच्छर दोन्ही सरळ वर येतात.

आजाराचं म्हणाल तर घाबरू नका. क्युलेक्स हत्तीरोग पसरवतो, पण पुणे हत्तीरोगाच्या जिल्ह्यांत नाही. आमच्याकडे वर्धा, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया हे सगळे त्यात. त्या रोगाचे जंतू रक्तात रात्रीच वर येतात, म्हणून आमची पथकं रात्री साडेआठनंतर बारापर्यंत लोकांना उठवून बोटातून रक्त घ्यायची. जानेवारीच्या थंडीत रात्री अकराला दार वाजवून "बोट द्या" म्हणायचं, काय काय ऐकलं असेल आम्ही, कल्पना करा. रोनाल्ड रॉसचं १८९७चं मलेरियाचं काम शाळेत सगळे शिकतात. पण मच्छराच्या पोटात माणसाच्या रोगाचा जंतू त्याच्या २० वर्षं आधी, १८७७मध्ये, पॅट्रिक मॅन्सनने चीनमधल्या अमॉयला पाहिला होता. तो हत्तीरोगाचा, आणि मच्छर याच क्युलेक्सच्या खानदानातला. ज्याच्या रक्तावर मच्छर सोडले तो मॅन्सनच्या घरचा माळी होता. त्या बिचाऱ्याचं कोणी नाव काढत नाही.

तिसरा मजला

नानाजी, काय सांगू!

काल संध्याकाळी मी, नवरा आणि वॉचमनदादा गच्चीवर गेलो. आमच्या विंगला असे दोन पाईप आहेत, मला तर आजवर ते पावसाच्या पाण्याचेच वाटत होते. एकाला टोपी आहे पण फुटकी, दुसरा सरळ आकाशाकडे उघडा. दोन्हींवर जुन्या साडीचे तुकडे बांधले. आज सकाळी सात वाजता वर गेले तर उघड्या पाईपवरच्या कापडाला आतून मोहरी पेरल्यासारखे काळे ठिपके, आणि जवळ गेल्यावर ते ठिपके हलायला लागले. शिसारीच आली. फुटक्या टोपीवाल्याला कमी होते, पण होते.

फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. चेअरमनकाका अर्ध्या तासात गच्चीवर हजर. नदीचं नाव काढलं नाही. उलट आता तेच जोरात आहेत, म्हणतात आजच टाकीत जळकं ऑइल ओतू. गॅरेजवाला त्यांच्या ओळखीचा आहे. ओतायचं का? आणि तोंडाला जाळी लावली तर वायू कोंडणार नाही ना? तळमजल्यावरचा एक फ्लॅट खरंच बंद आहे, मालक बंगळूरला असतात.

गच्चीची किल्ली (औंध, सोसायटी कमिटी)

जाळीचं मी सांगतो, आमच्याकडे सगळ्या विंगना केलंय.

हार्डवेअरवाल्याकडे स्टेनलेस स्टीलची बारीक जाळी मिळते, खिडकीला लावतात तीच. पाईपच्या तोंडापेक्षा चारी बाजूंनी चार बोटं मोठा चौकोन कापा, वर ठेवा, कडा खाली दुमडा आणि होज क्लॅम्पने आवळा. क्लॅम्प नसेल तर बाइंडिंग वायरचे दोन वेढे. वायू जाळीतून आरामात जातो. नायलॉनची जाळी स्वस्त, पण गच्चीवरच्या उन्हात वर्षभरात कडक होऊन फाटते. मग ती फाटली हे कोणाच्या लक्षात येत नाही, आणि परत पहिले पाढे. तोंड सिमेंटने किंवा पिशवीने बंद करायचं नाही. एका शहाण्याने आमच्याकडे प्लास्टिकची पिशवी बांधली होती, दोन दिवसांत खालच्या सगळ्या संडासांतून असा वास की विचारू नका.

होळीच्या आधी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा सगळ्या जाळ्या हाताने चाचपून बघायच्या. कावळे चोच मारतात. आमच्या प्लंबरने सगळ्या पाईपांचं काम एका सकाळीत उरकलं.

नानाजी

किल्लीवाले, बरोबर सांगितलं. सिमेंटचा प्रकार मीही पाहिला आहे, एका आश्रमशाळेत.

ताई, जळकं ऑइल टाकीत नको. तेलाचा तवंग पाण्यावर पसरला की अळ्यांच्या श्वासनळ्या बंद होतात अन् त्या मरतात हे खरं, खात्याकडेही गटारांवर फवारायचं अळीनाशक तेल असायचं. पण गॅरेजचं जळकं ऑइल सेप्टिक टँकमधले मैला कुजवणारे जिवाणू बिघडवतं, आणि तिथून जिथे जाईल तिथलं पाणी खराब करतं. तुमच्या बाबतीत ते शेवटी नदीतच जाणार. फिनेल, ॲसिड ओतायची लोकांना हौस असते, तेही नको. पाईपला जाळी अन् चेंबरला घट्ट झाकण लावलं की टाकीतले मच्छर बाहेर येऊ शकत नाहीत, बाहेरची मादी आत जाऊ शकत नाही. आत काहीच ओतावं लागत नाही.

एक भारी उपाय आहे, तो इथे चालणार नाही तरी सांगतो, कारण मला तो फार आवडतो. थर्माकोलचे बारीक दाणे. संडासाच्या खड्ड्यात पाण्यावर सेंटिमीटरभर थर पसरला की मादीला अंडी घालायला पाणीच सापडत नाही, अळ्यांना श्वास घ्यायला जागा नाही. दाणे कुजत नाहीत, वर्षानुवर्षं तरंगतात. आफ्रिकेजवळच्या झांझिबार बेटावर माकुंडुची गावात १९८०च्या दशकाच्या शेवटी असे दाणे टाकले, जोडीला हत्तीरोगाच्या गोळ्या दिल्या, अन् मच्छर अन् रोग दोन्ही पार खाली आले. पण तो बंद खड्डा होता. तुमची टाकी भरली की पुढे वाहते, दाणे गटारातून नदीत जाऊन तिथे पक्षी-मासे खातील. म्हणून नाही.

बंद फ्लॅटचं सोपं आहे. किल्ली कोणाकडे असेल तर पंधरवड्याला एकदा प्रत्येक मोरीत अन् संडासात तांब्याभर पाणी ओतायचं. ट्रॅप भरलेला राहतो. वर चमचाभर खायचं तेल सोडलं तर पाणी लवकर आटत नाही. बाल्कनीत जुनी बादली वगैरे असेल तर पालथी घाला, ती एडिसची जागा.

धुराच्या गाडीचं. त्या धुराने त्या घडीला हवेत उडत असलेलाच मच्छर मरतो. अळ्यांना काही होत नाही, अन् दारं-खिडक्या बंद करून बसलं की घरात पडद्यामागे बसलेल्यालाही काही होत नाही. म्हणून गाडी येते तेव्हा खिडक्या उघड्या ठेवा, बाळाला घेऊन तेवढ्या वेळ दुसरीकडे जा, खाणं-पिणं झाका, असं आम्ही ओरडून सांगायचो. लोक नेमकं उलटं करायचे. साथ असली तर धूर ठीक, रोजच्या क्युलेक्सवर त्याची फार आशा धरू नका.

आता सासूबाई. कॉइल बंद खोलीत नकोच, आणि हे माझं मत नाही. एक कॉइल पूर्ण जळली की तिच्या धुरात जेवढे बारीक कण निघतात तेवढे ७५ ते १३७ सिगारेटींमधून निघतात, असं मोजून काढलेलं आहे. सात महिन्यांच्या फुफ्फुसाला हे कशाला? सासूबाईंना आकडा सांगा, सुनेचा म्हणून नाही, माझा म्हणून सांगा. बाजारात बिननावाच्या मच्छर अगरबत्त्या मिळतात त्या तर दारातही आणू नका. कीटकनाशकाच्या पुड्यावर सरकारी नोंदणी क्रमांक असतो. तो नसेल तर आत काय आहे ते बनवणाऱ्यालाच ठाऊक. प्लगमध्ये लावायचं लिक्विड वापरायचंच असेल तर तिन्हीसांजेला खोली रिकामी असताना लावा, बाळाला झोपवायच्या आधी बंद करून खिडकी थोडी उघडा. जाळीची खिडकी, हे समजून घ्या.

माईंच्या लेकी, रागावू नका बाई. दारं लावायची वेळ तुमची अगदी बरोबर, क्युलेक्स त्याच वेळी आत शिरतो. गोवरीचा धूर अंगणात असेल तर ठीक. पण बाळाच्या अंगाला कापूर नको. कापूर लहान मुलाला विषारी आहे, कातडीतूनही आत जातो, चुकून पोटात गेला तर आकडी येते. बाळ हात तोंडात घालतंच. निलगिरीचं तेलही बाळाला चोळू नका.

बाळाला उत्तम ते मच्छरदाणी. छत्रीसारखी उघडते ती पाळण्यावर किंवा गादीवर. हातपाय दाणीला टेकणार नाहीत इतकी मोठी घ्या, टेकले की मच्छर बाहेरून चावतो. अन् पंखा लावा हो! अगदी हळू, बाळाच्या थेट अंगावर नको, टेबलफॅन भिंतीकडे तोंड करून ठेवला तरी खोलीत वारा फिरतो. बाळाला पूर्ण बाह्यांचं सुती झबलं अन् पायमोजे घाला, गारठत नाही.

माईंची लेक

बरं, कापूर बाद. लिंबू-लवंग तरी राहू द्या की! वास छान येतो.

नानाजी

ठेवा, ठेवा. मच्छराला त्याचं काही नाही, पण वास खरंच छान येतो.

खराडीकर

नानाजी, आमच्या सोसायटीत कारंज्याचा हौद आहे, बंद पडलेला. कोणीतरी गप्पी मासे सोडा म्हणतंय. टाकीतही सोडता येतात का?

नानाजी

हौदात जरूर सोडा. गप्पी अळ्या मटकावतो अन् बऱ्यापैकी घाण पाण्यातही तग धरतो. शहरात हिवताप विभागाकडे चौकशी करा, बहुतेक ठिकाणी फुकट देतात. सोडल्यावर त्यांना पाव-बिस्किटं घालू नका, पोट भरलं की अळ्या खात नाहीत. पोरांना हे सांगावं लागतं. सेप्टिक टँकमध्ये मात्र तोही मरेल. हौद चालू करायचा नसेल तर सरळ रिकामा करून माती भरा, गुलाब लावा.

तिसरा मजला

आज प्लंबर येऊन दोन्ही पाईपांना स्टीलची जाळी लावून गेला. कॉइलचा आकडा मी सासूबाईंना तुमच्या नावाने सांगितला. "हे नानाजी कोण?" विचारलं, आणि पुडा स्वतःहून माळ्यावर टाकला. नवऱ्याचे कपडे आता कपाटात. शेवटचे दोन प्रश्न. फरक कधी दिसेल? आणि मोठ्या पलंगाला मच्छरदाणी घ्यायची तर कशी बघून घेऊ?

नानाजी

फरक लगेच नाही. घरात अन् जिन्यात बसलेले जुने मच्छर थंडीत काही आठवडे जगतात. त्यांच्यासाठी रॅकेट चालू द्या, यजमानांना कामही मिळेल. पहाटे बाथरूमच्या भिंतीवर सुस्त बसलेले असतात तेव्हा सगळ्यात सोपे. तीन-चार आठवड्यांनी बघा. नदीचा वाटा राहीलच, म्हणून फेब्रुवारी-मार्चात संध्याकाळची दारं लावायला विसरू नका.

मच्छरदाणी पांढरी घ्या, आत शिरलेला दिसतो. विणीला चौरस इंचात निदान १५६ भोकं हवीत, दुकानदाराला माहीत नसेल तर उजेडाकडे धरून दोन-तीन ताडून पाहा, दाट विणीची निवडा. गादीखाली खोचायला खाली हातभर कापड जास्त पाहिजे, नुसती लोंबती ठेवून उपयोग नाही. झोपायच्या आधी बॅटरीने आतले चारी कोपरे पाहून घ्या.

आणि प्लंबर पुन्हा आला तर त्याला खालच्या चेंबरची झाकणं दाखवा. झाकण उचलायची कडी तुटून पडलेली असते, तिथलं भोक कोणी बुजवत नाही. मच्छराला बोटाएवढं भोक पुष्कळ होतं.